एरंडेल मी लावलं होतं

माझ्या मुलानं गेल्या महिन्यात कारला भारीतले ब्रेक पॅड बसवून घेतले. तेव्हापासून ती गल्लीच्या तोंडाशी थांबली की किंचाळते. शेजारचे निवृत्त मास्तर परवा त्याला म्हणाले, "थोडं तेल सोड की आत, गप बसतंय." मी ओसरीवरून असा ओरडलो, की सून हातातलं काम टाकून बाहेर आली. काय झालं, म्हणाली. काय झालं ते मी घरात कधीच सांगितलेलं नाही. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. उठतो, अंगणात जातो, परत येतो. म्हणून हे लिहायला घेतलं.

दुष्काळाची वर्षं होती. कळंबच्या एका सहकारी संस्थेची जीप मी चालवायचो. चेअरमन रोज गावं फिरायचे. कुठं चारा पोचला, कुठं टँकर आला नाही ते बघायचे. तुळजापूरच्या घाटात जीपचे ब्रेक लायनर झिजून गेले, तेव्हा मेस्तरीनं सोलापुरातून कडक जातीचे लायनर आणून बसवले.

मेस्तरी माझ्याच वयाचा. बौद्ध वस्तीतला पहिला गॅरेजवाला. आधी त्याच्या दारात कुणी गाडी उभी करत नव्हतं. संस्थेची जीप जायला लागली तसे ट्रॅक्टरवालेही जायला लागले. त्याचं सगळं नाव त्या एका जीपवर उभं होतं आणि मला ते पक्कं ठाऊक होतं.

नवे लायनर धरायचे चांगले, पण आवाज करायचे. गावात शिरताना ब्रेक दाबला की बायका हसायच्या. एकदा एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "जीपच रडायली बघा! चेअरमनकडं पाणी मागू नगा गं, तिच्याच डोळ्यांखाली घागरी लावा." चेअरमन हसले, पण गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "काय रे, पाहुण्यासारखा बसलास नुसता? पुढच्या आठवड्यात मोठे साहेब येणार हायत. हे रडगाणं बंद झालं पायजे."

मी जीप मेस्तरीकडं नेली. त्यानं चारी ड्रम उतरवले, आतली धूळ काढली, लायनरच्या कडा कानशीनं मारल्या. आवाज निम्मा झाला, गेला नाही.

"एवढं राहणारच," तो म्हणाला. "लायनर कडक हायत, नवे हायत, त्यात ही धूळ. ड्रमला बसू द्या. आवाज करतंय पण धरतंय का न्हाय?"

"धरतंय. पण चेअरमन मलाच खातंय."

"खाऊ द्या. पर डायवर, एक ध्यानात ठेवा. कुणी कायबी सांगितलं तरी तेलाचं बोट लावायचं न्हाय आत. ब्रेकला तेल म्हंजे इख."

हे त्यानं मला स्पष्ट सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं, असं आजवर मी मनाला समजावत आलो. ते खरं नाही.

मी गाडीवानाच्या घरात वाढलो. आमच्यात कुरकुरणारी बैलगाडी म्हणजे गाडीवानाचा आळस. वडील बाजाराला निघायच्या आधी आखाला एरंडेलाचं वंगण घालायचे. गाडी कुरकुरली तर वाटेतल्या लोकांनी नावं ठेवायच्या आधी तेच मला शिवी द्यायचे. जीपच्या त्या आवाजानं मला रस्त्यावर शिवी बसल्यासारखं व्हायचं. मोठे साहेब यायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मी पुढची दोन्ही चाकं खोलली आणि एरंडेलात भिजवलेली चिंधी लायनरवरून फिरवली. अगदी थोडं, असं म्हणत म्हणत.

जीप गप झाली. चेअरमन म्हणाले, "आता कसं!"

दुसऱ्या दिवशी चेअरमनला घेऊन मोठ्या साहेबांना आणायला निघालो, तेव्हा तेरच्या अलीकडं नदीच्या उतारावर मी ब्रेक दाबला, पॅडल पायाला घट्ट लागलं, पण चाकं धरेनात. जीप थांबेना. तेरणा कोरडी होती. पात्रात पाण्यासाठी झिरा खणलेला, आणि फरशी पुलाच्या कडेनं घागरींची रांग. बायका नंबराला घागर ठेवून बाभळीखाली बसत, म्हणून माणसं वाचली. जीप त्या रांगेवरून गेली. एक बाई आपली घागर उचलायला धावली, तिचा पाय मोडला. झिऱ्याशी भरून ठेवलेल्या घागरीही फुटल्या. वाळूनं ते पाणी आमच्यादेखत पिऊन टाकलं. कुणी शिवी दिली नाही. एक बाई खापरीत उरलेलं पाणी ओंजळीनं दुसऱ्या घागरीत घालत राहिली.

जीप ओढून संस्थेच्या आवारात आणली. मेस्तरीला बोलावलं. सगळे कारकून, ट्रॅक्टरवाले लिंबाखाली जमलेले. त्यानं ड्रम काढला, लायनरला बोट लावलं, हुंगलं.

"साहेब, हे एरंडेल हाय."

"तुझ्याच हाताचं ग्रीस लागलं असंल," चेअरमन म्हणाले.

"ग्रीसला असा वास येत न्हाय, साहेब."

चेअरमन माझ्याकडं वळले. "तू खोललं होतंस का रे?"

"न्हाय साहेब. म्या चाकाला हातच लावला न्हाय."

मेस्तरी माझ्याकडं बघत राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यांच्या हातात पाना दिला की असंच हुणार." दोघंतिघं हसले. मी पण ओठ हलवले. तेही लिहिलं पाहिजे.

संस्थेचं काम गेलं, मागोमाग ट्रॅक्टरवाले गेले. वर्षाच्या आत त्यानं गॅरेज मोडलं आणि लातूरला दुसऱ्याच्या हाताखाली गेला. मी निवृत्त होईपर्यंत संस्थेतच गाडी चालवली.

मास्तरांवर ओरडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी एसटीनं कळंबला गेलो. मेस्तरी वारला होता. लातूरहून परत आलेली त्याची बायको जुन्या घराच्या दारात तूर निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मला कशाला सांगायलाव? त्या दिवशी घरी येऊन बोट माझ्या नाकाला लावलं होतं त्यांनी. म्हणले, तूच सांग, हे एरंडेल हाय का न्हाय? म्या म्हणलं, व्हय."

"चुकलं माझं."

"ते मला ठावंच हाय. जितं खोटं बोललाव तितं जाऊन खरं बोला. हितं नगं."

तिथून संस्थेच्या आवारात गेलो. फाटकाला कुलूप. समोरच्या टपरीवर तेव्हाच्यातला एक कारकून भेटला, आता काठी टेकतो. त्याला जीप आठवली, अपघात आठवला, आणि म्हणाला, "व्हय की, त्या मेस्तरीनं ब्रेक बिघडवलं होतं बघा." एसटीची वेळ झाली म्हणालो आणि निघून आलो. म्हणजे दुसऱ्यांदा.

तर लायनर चांगले होते. मेस्तरीचं काम चोख होतं. त्यानं मला बजावलं होतं. एरंडेल मी लावलं आणि चारचौघांत नाही म्हणालो.

हा कागद उद्या त्या टपरीवर मोठ्यानं वाचणार आहे. कारकून रोज सकाळी तिथंच असतो. मुलाला म्हणालोय, मला गाडीतून सोड आणि वाचून होईपर्यंत निघू नकोस. टपरीपुढं थांबताना गाडी किंचाळेल, सगळे वळून बघतील. बघू देत.