सासूबाईंनी निवडलेल्या गोळ्या

मी फार्मसिस्ट आहे, त्यामुळे "आई, मी जरा गोळ्या आणायला चाललेय" असं सासूबाईंना सांगताना मी कधीही खोटं बोलले नाही.

फक्त त्या गोळ्या बंदुकीच्या असायच्या, एवढंच.

आम्ही साउथहॅम्प्टनच्या बाहेर, जिथे घरं संपून शेतं आणि जंगल सुरू होतं, तिथे राहतो. राहायला आलो त्या वर्षी मी परसात हौसेने मेथी, लाल माठ आणि गुलाब लावले. हरणांनी तिन्ही फस्त केली. (आधी मेथी. चव आहे त्यांना!) मी रडवेल्या चेहऱ्याने शेजारच्या शेतकऱ्याकडे, जॉर्जकडे गेले. "तुझी मेथी गेली, माझा गहू जातो," असं म्हणून त्याने मला थेट शिकारीच्या कोर्सला घातलं. मी खरं तर कुंपणाबद्दल विचारायला गेले होते! पण वर्षभरात माझ्याकडे बंदुकीसाठी पोलिसांचं सर्टिफिकेट आलं, हरणाला पुरेल अशी मध्यम बोअरची एक रायफल आली, ती ठेवायला भिंतीत ठोकलेलं लोखंडी कपाट आलं, आणि जॉर्जच्या शेतावर हरणं मारायची परवानगीही आली. माझा नवरा नितीन घरातला कोळीसुद्धा कपाखाली धरून, त्याची माफी मागून बाहेर सोडतो. त्याने एकच अट घातली.

"आईला कळता कामा नये."

सासूबाई सांगलीच्या. केकमध्ये अंडं आहे की नाही हे त्या नुसत्या वासावरून सांगतात. तेव्हा त्या इथे असल्या की शनिवारी पहाटे मी 'पक्षी बघायला' जायची आणि अधूनमधून 'गोळ्या आणायला'.

यंदा मात्र गोळ्यांचा प्रश्न बिकट झाला. मी ज्या खाटकाला हरीण देते, त्याने सांगितलं की शिशाच्या गोळीने मारलेलं मांस तो यापुढे घेणार नाही. तांब्याची गोळी हवी. झालं! एकाच वजनाची तांब्याची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते, आणि प्रत्येक रायफलच्या आवडीनिवडी लाडावलेल्या जावयासारख्या. एक गोळी आवडली तर सगळे बार एका ठिकाणी मारेल, नाही आवडली तर गावभर उधळेल. त्यात ग्रेनमधल्या वजनांचा घोळ. एकशे तीस घ्यावी, एकशे पन्नास की एकशे पासष्ट? मी इंटरनेटवरच्या शिकाऱ्यांची भांडणं वाचत बसले. (आपल्या सोसायटीच्या मीटिंगा त्यापुढे शांत वाटतील!) इतकं संशोधन मी नवरा निवडताना केलं नव्हतं. केलं असतं तर... असो. शेवटी एकशे पन्नासवर शिक्कामोर्तब केलं आणि शनिवारी सकाळी चप्पल शोधता शोधता म्हणाले, "आई, जरा गोळ्या आणायला जातेय."

"थांब, मीही येते. माझ्या बीपीच्या बघू काही मिळतात का."

नितीनच्या हातातला टोस्ट खाली पडला.

"आई, तू कशाला? थंडी आहे. मी देतो ना आणून—"

"तू आणणार? मागच्या वेळी जिरं सांगितलं तर ओवा आणलास." आणि सासूबाई गाडीत बसल्यासुद्धा!

बंदुकीचं दुकान एका जुन्या गोठ्यात आहे. मी गाडी लांब लावली, हीटर सुरू ठेवला आणि म्हटलं, "आई, तुम्ही बसा, दोन मिनिटांत आले." सासूबाईंनी मान डोलावली. आत जाऊन मी काउंटरवर माझं सर्टिफिकेट ठेवलं, "एकशे पन्नास ग्रेन, तांब्याच्या," एवढं म्हटलं, आणि मागे दाराची घंटा वाजली.

"मृणाल, इथे बाथरूम आहे का गं?"

दारात सासूबाई. वर कोट, खाली नऊवारी नव्हे तरी कडक इस्त्रीची साडी, पायात नितीनचे जुने बूट. समोर भिंतभर रायफली, त्यावर शिंगांसकट एक हरणाचं मुंडकं, आणि खाली मी. दुकानदार डेव्ह मोठा उमदा माणूस. तो हात पसरून म्हणाला, "तुम्ही सासूबाई ना? वेलकम! तुमची सून काय शॉट मारते, ब्रिलियंट!"

डेव्हला मी त्या क्षणी त्याच्याच मालाने गप्प केलं असतं.

सासूबाई मुंडक्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे.

"तू हरणं मारतेस?"

"हो."

"नितीनला माहीत आहे?"

"हो."

"मग तो काय करतो?"

"तो... थर्मासमध्ये चहा भरून देतो."

मला वाटलं, आता त्या रडतील, सांगलीला परत जायला विमान पकडतील, मला जन्मभर तोंड दाखवणार नाहीत.  सात वर्षं मी या बाईची 'बरी सून' होते. 'चांगली'पर्यंत पोचायचं बाकी होतं. सासूबाई बाथरूमला जाऊन आल्या, कोपऱ्यातली खुर्ची ओढून काउंटरला लावली, बसल्या आणि म्हणाल्या, "यांच्याकडे आहे काय काय ते सगळं दाखवायला सांग."

"सगळं?"

"एकच नग बघून कोणी घेतं का? ते वरच्या फळीवरचे डबेपण."

डेव्ह डबे काढू लागला. हिरव्या कोटातली दोन गिऱ्हाइकं कौतुकाने बघत उभी राहिली. सासूबाईंनी एक गोळी चिमटीत धरून उजेडाकडे केली. "हे ग्रेन म्हणजे सोनाराचंच ना? एकशे ऐंशी म्हणजे पुरा तोळा. एकशे पन्नास म्हणजे... दहा मासे."

"आई, मासे नाहीत, हरणं," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"अगं मासे म्हणजे वजन! बारा माशांचा तोळा! सराफाच्या घरात वाढले मी, काट्याशेजारी पाळणा होता माझा. तुम्हाला काही म्हणता काही येत नाही." मग डेव्हला, "वेट प्लीज!"

डेव्ह थांबला. त्याला वाटलं, वाट बघायला सांगतायत.

"नो नो. वेट! तराजू!"

डेव्हने काडतुसं घरी भरणाऱ्यांसाठी ठेवलेला नाजूक काटा काढला, काडतुसात बसवायची सुटी टोकं त्यावर ठेवली. सासूबाईंनी चष्मा पुसून एकेक तपासलं. मग मला शिशाचे आणि तांब्याचे असे वेगवेगळे डबे लावायला सांगितले. 

"शिसं मुळीच नको. ते खाणाऱ्याच्या पोटात जाणार. खाणारे कोणी का असेनात! तांब्याचीच घे. तांब्यातलं पाणी आम्ही आयुष्यभर प्यायलो."

"हरणासाठी गोळी आत गेल्यावर फुलायलाच हवी," डेव्हने इंग्रजीत समजावलं. "एक्स्पांडिंग. इथला कायदाच आहे. लगेच मरतं, हाल होत नाहीत."

मी भाषांतर केलं. सासूबाईंनी भिंतीवरच्या मुंडक्याकडे एकदा बघितलं. "हाल नाहीत ना होत? मग ठीक." आणि त्यांनी एकशे तीसचा डबा पुढे सरकवला. "ही घे. साडेआठ मासे आणि वर चिमूटभर. दहा मासे कशाला? उगीच भारी."

"आई, पण मी इतके आठवडे वाचून एकशे पन्नास—"

"वाचून कोणी दागिना घेतं का?"

हिरव्या कोटवाल्यांपैकी एकाने हळूच स्वतःच्या हातातला डबा परत ठेवला आणि एकशे तीसचा उचलला! मी मुकाट्याने दोन्हींचा एकेक डबा घेतला. सासूबाईंनी पर्स उघडून धरली, पण डेव्ह म्हणाला, "सॉरी मॅडम, सर्टिफिकेट तिचं आहे, तिच्याच हातात देणार." त्यांना त्याचा हा चोखपणा फार आवडला.

नव्या गोळ्या झाडून बघायच्या म्हणून रायफल आधीच गाडीच्या डिकीत होती, नेमबाजीचं मैदान वाटेवर होतं, आणि मला अजूनही स्वतःचं खरं करून दाखवायचं होतं. सासूबाई मागे खुर्चीवर, शालीवरून कानाला ते मोठे आवाजरोधक लावून बसल्या. मी आधी माझ्या एकशे पन्नासच्या तीन झाडल्या. एक टार्गेटच्या डावीकडे, एक उजवीकडे, एक कुठे गेली ते तिलाच माहीत. मग एकशे तीसच्या तीन. दुर्बिणीतून बघितलं तर तिन्ही भोकं एका टिकलीखाली झाकली जातील अशी!

सासूबाई नुसत्या हसल्या.  ते जास्त लागलं.

गाडीत मात्र म्हणाल्या, "नितीनला सांगू नकोस हं, मला कळलं ते. माझ्यापासून लपवतो बिचारा. त्याला वाईट वाटेल."

मी शपथ घेतली. घरी पोचल्यावर डबे कुलपात ठेवायला मी वर गेले. तेवढ्यात खाली जे झालं, ते नंतर मला तुकड्यातुकड्यांनी कळलं.

"आई, मिळाल्या का गोळ्या?" नितीनने चाचरत विचारलं.

"मिळाल्या की! तांब्याच्या आहेत."

"तांब्याच्या? आयुर्वेदिक?"

सासूबाईंना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नव्हतं. "तसंच समज."

"घेतल्यास का?"

"सहा झाल्या. तीन कुठल्या कुठे गेल्या. पण नंतरच्या तीन काय लागू पडल्या म्हणून सांगू!"

"सहा!"

नितीनने ताबडतोब लंडनमधल्या हॅरोला उज्ज्वलाताईंना फोन लावला. उज्ज्वलाताई म्हणजे माझ्या नणंदबाई, डॉक्टर, आणि आवाज असा की स्पीकर लावायची गरज नसते. तरी लावला.

"आई, कसल्या गोळ्या? सांग नीट!"

"अगं, एकशे तीसची आहे—"

"एकशे तीस मिलिग्रॅम?"

"ग्रेन. आत गेली की फुलते म्हणाला दुकानदार. एक्स्पांडिंग."

"ओ माय गॉड! नितीन, आईला ताबडतोब हॉस्पिटलच्या ए अँड ई-ला ने! आई, काही खाऊ नकोस, पिऊ नकोस! आणि मृणाल कुठे आहे? ती फार्मसिस्ट आहे ना? तिच्यादेखत आईने सहा गोळ्या घेतल्या?"

मी जिना उतरले तेव्हा नितीन एका पायात बूट घालून दुसऱ्या पायाने उड्या मारत किल्ल्या शोधत होता, सासूबाई सोफ्यावर कोट घालून खाली मान घालून थरथरत होत्या, आणि फोन ओरडत होता, "लायसन्स जाईल तिचं!"

 मी धावत सासूबाईंजवळ बसले, त्यांचा चेहरा वर केला. बाई हसू दाबत होत्या! डोळ्यांतून पाणी!

आता शपथ गेली खड्ड्यात. मी ओरडले, "अरे, त्या बंदुकीच्या गोळ्या आहेत!"

 नितीन एका पायावर. मग फोनमधून अगदी बारीक आवाज आला.

"आईने बंदुकीच्या गोळ्या खाल्ल्या?"

पुढचा अर्धा तास कोण कोणाला काय समजावत होतं, ते सांगण्यात अर्थ नाही. थोडक्यात, नितीन तीन वर्षं लपवल्याबद्दल आईची माफी मागत होता, आई दिवसभर लपवल्याबद्दल त्याची, आणि उज्ज्वलाताई मला विचारत होत्या, "मृणाल, हरणाचं मटण मिळेल का गं थोडं? आईला नको सांगू." स्पीकर चालू होता.

दुसऱ्या शनिवारी पहाटे मी सासूबाईंच्या आशीर्वादाने निघाले. थर्मास त्यांनीच भरून दिला. जॉर्जच्या शेताकडेला लाकडी मचाण आहे, त्यावर चढून बसले. वारा झुडपांकडून माझ्याकडे, म्हणजे माझा वास हरणांना जाणार नाही असा. उजाडता उजाडता झुडपांतून एक नर आला आणि अगदी पुस्तकातल्यासारखा आडवा उभा राहिला. गोळी साडेआठ मासे आणि वर चिमूटभर, रायफलच्या पसंतीची, कायद्यात बसणारी, खाटकाला चालणारी. मी श्वास रोखला, रायफल कव्हरमधून काढली.

रायफलला बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, नव्हता. तो मी नियमाप्रमाणे वेगळा ठेवते. घरी. कुलपात.

म्हणजे चार किलोची लोखंडी नळी मांडीवर घेऊन मी मचाणावर बसले होते. हरीण आलं, मचाणाच्या अगदी खाली येऊन निवांत चरलं, वर बघितलं, कंटाळलं आणि गेलं.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "एवढं खाली आलं होतं तर ती बंदूकच टाकायचीस वरून!"

टाकणारच होते हो. पण तेवढ्यात थर्मास हातातून निसटला, आणि तोसुद्धा हरणाला लागला नाही.