गुलाबी कॉलरींचा ईस्टर

स्टेनबरीच्या कॅथेड्रलमध्ये गाणाऱ्या मुलांचे कपडे ऑलिव्ह टिपिंग सांभाळायची. अंगात पायघोळ लाल झगा, त्यावर पांढरा सैल डगला आणि गळ्याभोवती खळ घालून कडक केलेली गोल चुण्यांची कॉलर. झग्या-डगल्याचं काही विशेष नसे. धुतले, वाळवले, टांगले. जीव खायची ती कॉलर. कापड ओलसर आहे तोवर एकेका चुणीत तापलेली सळई घालून ती उभी करायची, आणि सळई जरा जास्त तापली की पडलाच पिवळा डाग. ऑलिव्ह हे काम कोवळ्या वयात, म्हाताऱ्या मिस ग्रबच्या हाताखाली, बोटं भाजून घेत शिकली. पुढे लग्न झालं, लढाई आली नि गेली, किती पोरं आवाज फुटून कॅथेड्रलच्या गायनशाळेबाहेर पडली. ती मात्र त्याच खोलीत रमली. तिला मूलबाळ झालं नाही. कुणी हळहळलं तर म्हणायची, "मला दर वर्षी नवी होतात की! तीही आयती, बोलती-चालती."

नवरा सिरिल कॅथेड्रलचा माळी. गुलाबाला जपणारा, बायकोलाही जपणारा. पण घरकामात त्याने हात घातला की काहीतरी विपरीत घडायचंच.

त्या वर्षी ईस्टरच्या तोंडावर ऑलिव्ह तापाने आडवी झाली. कॉलरी अजून धुवायच्याच होत्या.

"मी उकळतो की," सिरिल म्हणाला.

"तू? अरे, तुला चहा धड उकळता येत नाही."

"अगं, पाणी, साबण नि जाळ. त्यात काय विद्या आहे? तू पड बघू."

ती पडली. अंगात त्राण नव्हतं, म्हणून पडली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी ताप उतरला. शाल गुंडाळून ती धुण्याच्या खोलीत गेली, तर सिरिल हंड्यापाशी लाकडी दांडा घेऊन उभा. चेहरा एवढासा झालेला. तिने आत वाकून पाहिलं. सगळ्या कॉलरी गुलाबी! फिकट नव्हे, चांगल्या गडद. दांड्याने ढवळल्यावर तळातून कुण्या पोराचा फुटबॉलचा लाल मोजा वर आला.

"रंग तसा वाईट नाही," सिरिल हळूच म्हणाला.

"सिरिल टिपिंग, आता तू एक शब्द बोललास तर तुलाही याच हंड्यात घालीन."

पुन्हा उकळलं, सोडा घातला. मग तिला मिस ग्रबची जुनी रीत आठवली: ओलं कापड हिरवळीवर पसरायचं, ऊन आणि गवत मिळून डाग खातात. हिरवळ होती ती कॅथेड्रलच्या चौकातली, जिच्यावर मोठ्या पाद्र्यांखेरीज कुणी पाऊल टाकायचं नाही. सिरिलने मुकाट्याने 'पाय ठेवू नये'ची पाटी उपटली आणि दोघांनी तिथे कॉलरी अंथरल्या. ऊन मात्र कंजूष पाहुण्यासारखं. आलं आलं म्हणेपर्यंत गेलं. दुपार कलली तेव्हा गडद गुलाबीची फिकट गुलाबी झाली होती, एवढंच.

"डीनसाहेबांना मी सांगतो. चूक माझी," सिरिल म्हणाला.

"तू इथेच थांब. तुला पाहून ते भडकले तर गुलाब कोण छाटणार?"

कॅथेड्रलचे मुख्य पाद्री, डीन फॅनशॉ, यांच्या खोलीत गाण्याचे मास्तर लडलोही बसले होते. ऑलिव्हने एक गुलाबी कॉलर टेबलावर ठेवली आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. डीनसाहेबांनी कॉलर उचलून उलटसुलट करून पाहिली.

"सोपं आहे," लडलो म्हणाले. "कॉलर घालायचीच नाही. मोकळ्या गळ्याने गातील. नाहीतरी टोचते म्हणून कुरकुरतातच."

पोरांना बोलावलं. लाल झगे, पांढरे डगले घालून, कॉलरीविना रांगेत उभी राहिली. डीनसाहेबांनी चष्मा लावला आणि पहिल्यापुढे थांबले.

"हॅस्लम, मानेवर हे काय? जन्मखूण?"

"नाही सर. फुटबॉलचा चिखल, सर."

"आजचा?"

हॅस्लम विचारात पडला. "सगळाच आजचा नाही, सर."

डीनसाहेब रांगेतून पुढे गेले. प्रत्येक मानेची तीच कथा.

"तोंड हनुवटीपर्यंतच धुतात, साहेब," ऑलिव्ह म्हणाली. "त्याखालचं सगळं माझी कॉलर झाकते."

"घासून काढू!" लडलो गरजले.

"लडलो, इतकं घासलं तर माना कॉलरींपेक्षा लाल होतील," डीनसाहेब म्हणाले. मग ऑलिव्हकडे वळून, "गुलाबीच चालतील, मिसेस टिपिंग. खळ तेवढी कडक असू द्या. आणि हॅस्लम, मान तरीही धुवायची."

उरलेला दिवस सळई तापवण्यात गेला. सिरिल निखारे पुरवत होता, पण कापडाला हात लावायची त्याला बंदी होती.

ईस्टरच्या सकाळी दोघं मागच्या खांबाआड बसली. ऑर्गन दुमदुमला, मुलं दोन-दोनच्या रांगेने आत आली आणि बाकाबाकांतून कुजबुज पसरत गेली. सिरिलने डोळे मिटून घेतले. पुढच्या बाकावर फुलांची टोपी घातलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगबाई, येशू उठला त्या पहाटेचा रंग! आजच्या दिवसाला किती शोभतो! डीनना सुचलं तरी कसं!"

प्रार्थना संपल्यावर त्याच बाईने दाराशी डीनसाहेबांना गाठलं. ते गंभीरपणे म्हणाले, "कल्पना आमच्या माळ्याची."

सिरिलचे कान तापले. ड्युवीन नावाचं चुणचुणीत पोर ऑलिव्हजवळ घुटमळलं. "टिपिंगबाई, पुढच्या सणाला निळ्या करायच्या?"

"आधी तुझी मान पांढरी कर."

दुपारी घरी कोकराचं मटण नि पुदिन्याची चटणी होती. सिरिल ताटाकडे बघत जेवत होता. शेवटी म्हणाला, "अजून रागावलीयस?"

"नाही रे. पोरं किती छान गातात!"

"म्हणजे? इतकी वर्षं तिथे बसून काय ऐकत होतीस?"

"ऐकत कुठे होते? कुणाची कॉलर तिरकी, कुणाची चुणी बसली, तेच बघायचे. आज सगळ्याच गुलाबी म्हटल्यावर बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून ऐकलं." तिने त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. "तो बारका ड्युवीन एकटा गायला ना, तेव्हा माझा श्वासच अडकला बघ."

त्यानंतर दर रविवारी ऑलिव्ह बाकावर बसली की आधी डोळे मिटून घ्यायची.