मशीन वर न्यायचं, पण कुठं?

गल्लीत त्यांना सगळे 'ऑपरेटर' म्हणायचे. गावातल्या सिनेमागृहात त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं, तेही पडद्याच्या विरुद्ध टोकाला, जिना चढून गेल्यावर लागणाऱ्या एवढ्याशा केबिनमध्ये. रिळं लावायची, काढायची, गुंडाळायची. पुढे रिळं गेली, अख्खा सिनेमा एका डबीत मावायला लागला आणि ऑपरेटर निवृत्त होऊन घरी आले.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे आपल्या मनाने लावून ठेवले. बायकोने, म्हणजे या गोष्टीतल्या सुनेच्या सासूबाईंनी, हात जोडले. म्हणाल्या, "अहो, माझ्या राज्यात ढवळाढवळ नको. काम हवं असेल तर धुणं घ्या." त्यांनी ते घेतलं, आणि असं घेतलं की पुन्हा दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

लग्न होऊन सून या घरात आली तेव्हा तिला हे फार अवघड वाटलं. सासऱ्यांनी आपले कपडे धुवायचे म्हणजे काय? पहिले काही दिवस ती आपले कपडे लपवून, न्हाणीघरात हाताने धुऊन टाकायची. एक दिवस ऑपरेटरांनी तिला सरळ विचारलं, "मी धुतलेलं स्वच्छ निघत नाही का गं?" ती ओशाळली. त्या दिवसापासून तिचेही कपडे टोपलीत पडू लागले, आणि घडी होऊन परत येताना तिला हवे तसेच यायला लागले. नवऱ्याचे शर्ट कॉलर वर करून, पुढे झालेल्या छोट्या नातीचे मोजे जोडीने एकात एक घालून, सुनेचे कुडते मात्र अगदी लहान घडी घालून, कारण तिचं कपाट अरुंद. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनीच पाहिलं असणार.

घर दुमजली. खाली स्वयंपाकघर, बैठक आणि सासूसासऱ्यांची खोली. वर बाकीच्यांच्या झोपायच्या खोल्या, एक बाथरूम आणि गच्ची. धुण्याचं मशीन खाली, स्वयंपाकघरामागच्या मोरीत. म्हणजे कपडे मळायचे वर, वाळायचेही वर, फक्त धुवायला तेवढे खाली यायचे. हा उलटा कारभार इतकी वर्षं कुणाच्या डोळ्यांवर आला नाही, कारण ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिना चढणारा माणूस कधी कुरकुरला नाही.

मग एका सकाळी जिन्याच्या वळणावर त्यांचा पाय सटकला. बादली गडगडत खाली गेली, मागोमाग तेही दोन पायऱ्या घसरले. सून धावत आली तर हे घोटा धरून बसलेले, आणि तोंडातून पहिला शब्द काय निघावा? "पांढरे होते गं त्यात!"

हाड वाचलं, पण घोटा टम्म सुजला. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि ओझं घेऊन जिना चढायला साफ मनाई केली.

त्या दिवशी जेवताना नवऱ्याने विषय काढला. "झालं तेवढं पुरे. मशीन वरच नेऊन टाकू. गच्ची तिथेच, बाबांना ओझं घेऊन चढायला नको."

सासूबाई म्हणाल्या, "न्या की. माझी मोरी तरी मोकळी होईल."

"पण वर ठेवणार कुठं?" त्यांनीच पुढे विचारलं.

"बाथरूमच्या शेजारची छोटी खोली आहे की," नवरा म्हणाला. " भिंतीपलीकडेच नळ. याहून सोयीची जागा मिळणार नाही."

छोटी खोली म्हणजे सुनेची खोली. तशी ती कुणाच्या नावावर नव्हती. पूर्वी तिथे गाद्या आणि जुन्या पेट्या असायच्या. तीन वर्षांपूर्वी तिने ती झाडून घेतली, एक खुर्ची ठेवली आणि व्हायोलिन शिकायला लागली. या वयात! ती एका मोठ्या दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीत बसायची. कावलेल्या, घाबरलेल्या, रांगेत ताटकळलेल्या माणसांशी दिवसभर गोड बोलायचं, हीच नोकरी. संध्याकाळी ती त्या खोलीत जाऊन दार लावायची आणि तासभर व्हायोलिन कुरकुरवायची. सासूबाई सुरुवातीला म्हणाल्याही होत्या, "मांजराची शेपटी दारात सापडली की काय?" नवरा हसायचा. ती स्वतःही हसायची. म्हणूनच आता सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या तेव्हा ती लगेच म्हणाली, "घ्या की ती खोली. माझं काय, मी कुठेही वाजवीन."

"नको," ऑपरेटर म्हणाले.

"काय नको?"

"मशीन वर नको. पाणी गळेल. खाली बरोबर स्वयंपाकघर येतं. आमटीत साबण पडायचा."

नवऱ्याने समजावलं की हल्ली जमिनीला नीट लेप देतात, पाणी झिरपत नाही. तर म्हणाले, मशीन थरथरतं, भिंतीला तडे जातील. मशीनच्या पायांखाली रबर घालू म्हटलं, तर म्हणाले, जिना मला नवा नाही, आयुष्यभर जिना चढूनच कामाला गेलोय. शेवटी नवरा वैतागला. "बाबा, हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय ना?"

"माझ्यासाठी असेल तर मी नको म्हणतोय," असं म्हणून ते पाणी प्यायला लागले. विषय संपला.

सुनेलाही त्यांचा थोडा राग आला. आपण एवढी खोली सोडायला तयार आहोत आणि यांचा हेका सुटत नाही. दुसऱ्या दिवशी पाय शेकायला गरम पाणी नेऊन दिलं तेव्हा तिने पुन्हा गोडीत विचारून पाहिलं. त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, "चादरी आज घालू नकोस. ऊन नाही. कुबट वास धरतील."

त्या दिवसांत धुणं तिच्याकडे आलं. एक बादली वर नेऊन ठेवली तर तिच्या खांद्यातून कळ निघाली. चादरींच्या दिवशी तर तिने मध्येच पायरीवर बसून घेतलं. गच्चीवर दोरीपाशी उभं राहिल्यावर तिला कळलं की यात नुसतं अंगमेहनतीचं काम नाही. तिने वाळत घातलेल्या शर्टांच्या खांद्यांना चिमट्यांची टोकं आली, नातीचा झगा उन्हाने विटला, नवऱ्याच्या विजारीला दोरीची रेघ पडली. इतकी वर्षं यातलं काहीच कधी झालं नव्हतं. आणि न झालेल्या गोष्टीबद्दल कुणी कुणाला शाबासकी देत नाही. तिने तरी कधी दिली होती?

घोट्याची सूज जरा उतरली तसं नवऱ्याने वडिलांना न विचारताच एका प्लंबरला बोलावलं. "निदान बघून तर जाऊ दे," तो म्हणाला आणि स्वतः कामावर निघून गेला. सुनेची सुट्टी होती. ती गच्चीवर कपडे काढत होती. गच्चीचं दार उघडंच होतं, त्यामुळे आतलं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

ऑपरेटर कठडा धरून, एकेक पायरी करत, प्लंबरच्या मागोमाग वर आले होते.

"काका, यात विचार करण्यासारखं काही नाही," प्लंबर भिंतीवर टकटक करत म्हणाला. "पाणी इथून घेतो, सांडपाणी इथून काढतो. जमिनीला उतार देतो, जाळी बसवतो. थेंब खाली जाणार नाही. दोन दिवसांचं काम."

"ते ठीक आहे. पण ही खोली रिकामी नाही."

"एक खुर्ची तर आहे, काका."

"माझ्या सुनेची खोली आहे ती."

"पण साहेब तर म्हणाले, वहिनींची हरकत नाही. त्या स्वतःच हो म्हणाल्यात."

"ती हो म्हणणारच," ऑपरेटर म्हणाले. "दिवसभर सगळ्यांना हो म्हणून घरी येते. म्हणून तर मी नाही म्हणतोय."

गच्चीवर सुनेच्या हातातली चादर तशीच राहिली. तिला वाटलं, आत जावं, काहीतरी बोलावं. पण प्लंबरसमोर रडायचं तिच्या जिवावर आलं. प्लंबर पाय वाजवत खाली गेला तेव्हा कुठे तिने चादरीची घडी घातली. ती वाकडीच झाली.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाला प्लंबर?" ऑपरेटर तोंड उघडणार, एवढ्यात सून म्हणाली, "खोली चांगली आहे म्हणाला. पण मी ती देणार नाही."

नवऱ्याचा घास हातात राहिला. "अगं, पण तूच तर म्हणालीस..."

"म्हणाले होते. खोटं म्हणाले होते. मला ती खोली हवी आहे. तिथे मी काही मोठं करत नाही, कुणाच्या उपयोगाचंही नाही. पण मला ती हवी."

या घरात तिने 'मला हवं' असं याआधी कधी म्हटलं होतं, ते तिला स्वतःलाच आठवेना. कान तापले होते. सासूबाई काहीतरी बोलतील म्हणून तिने मनाची तयारी केली. सासूबाई खरोखरच बोलल्या.

"मग ठेव की. मला काय ठाऊक तुला ती एवढी लागते? तोंड आहे ना माणसाला!" आणि मुलाकडे वळून त्यांनी विचारलं, "वरच्या बोळात, बाथरूमच्या भिंतीला लागून ते काय उभं आहे रे?"

तिथे नवऱ्याचं चालायचं यंत्र होतं. मोठ्या हौसेने आणलेलं. पहिला महिनाभर तो त्याच्यावर रोज चालला. नंतर त्याच्यावर टॉवेल चालू लागले.

"ते मी वापरणार आहे," नवरा म्हणाला.

"कधी?"

त्याने बायकोकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, मुलीकडेही पाहून घेतलं. कुठूनच मदत येईना. मग स्वतःच हसायला लागला. "ठीक आहे. हरलो."

प्लंबर पुन्हा आला. बोळातली जागा पाहून म्हणाला की नळ भिंतीच्या या बाजूला घ्यावे लागतील, थोडं फोडकाम जास्त होईल, पण होईल. झालंही. जमिनीला लेप दिला, उतार काढला, आणि ऑपरेटरांनी अख्खी बादली ओतून पाणी जाळीकडे जातं की नाही ते बघितलं. मग खाली जाऊन स्वयंपाकघराच्या छताकडे मान वर करून उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, "अहो, आमटीत साबण पडायचा तो हाच का?" ते तसेच बराच वेळ उभे राहिले. गळतीची भीती सगळीच काही बहाणा नव्हती.

मशीन सुरू झाल्यावर बोळात पहिल्याच दिवशी जरा गडगडाट झाला. एक पाय उंचीला कमी होता. ऑपरेटरांनी तो फिरवून सारखा केला. आता ते रिकाम्या हाताने वर येतात, मशीन लावतात, चार पावलांवर गच्चीत वाळत घालतात. आणि संध्याकाळी सून दार लावून बसली की मशीन बंद असतं. हा नियम कुणी केला, हे कुणी विचारलं नाही.

काही दिवसांनी तिने बोळात त्यांना गाठलंच. ते स्टुलावर बसून नातीचे मोजे जुळवत होते. तीही शेजारी जमिनीवर बसली आणि एक टॉवेल घडी करायला घेतला.

"बाबा, तुम्ही सरळ का नाही सांगितलंत? खोली हिची आहे, हिला राहू द्या, एवढंच म्हणायचं होतं."

"मग सगळे म्हणाले असते, बघा, हिच्यामुळे अडलं. माझ्यामुळे अडलं तर काय बिघडतं? मी म्हातारा आहे, मला हट्टी म्हणायची सगळ्यांना सवय आहे."

त्यांनी एक मोजा उलटा करून पाहिला.

"माझी केबिन होती ना," ते म्हणाले, "तिथे माझ्याशिवाय कुणी यायचं नाही. मालकसुद्धा दार वाजवायचा. यंत्राची घरघर, उकाडा, बसायला एक मोडकं बाकडं. पण दार लावलं की मी कुणाचा कुणी नसायचो. तुझी सासू सगळ्यांना सांगायची, आमचे हे घरी कधी आवाज चढवत नाहीत. कसा चढवणार? सगळं तिथेच शांत करून यायचो मी. ती केबिन बंद झाली तेव्हा मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. मग ही गच्ची मिळाली."

सुनेने टॉवेलची घडी पुरी केली. आपला सासरा धुणं का सोडत नाही, हे तिला आत्ता समजत होतं. मग तिने विचारलं, "मी वाईट वाजवते ना हो?"

ऑपरेटरांनी खरोखर विचार केला. तोंडदेखलं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"वाईटच वाजवतेस," ते म्हणाले. "पण पूर्वी मला मोजे इथेच टाकून उठून जावंसं वाटायचं. हल्ली माझ्या सगळ्या घड्या होईपर्यंत बसवतं."

ती इतकी मोठ्याने हसली की खालून सासूबाईंनी विचारलं, काय झालं.