मंत्र्याने शेवटी ठेवलेले गाव

निष्पक्षपणा या शब्दाचा जितका गैरवापर मी जपानमध्ये पाहिला, तितका पुण्याच्या जिल्हा न्यायालयात साऱ्या वकिलीत पाहिला नव्हता. हे विधान मी पूर्ण विचारांती आणि एका माणसाच्या वतीने करीत आहे. हा माणूस कॅरिबियन समुद्रातल्या एका लहान बेटावर पुनर्वसनमंत्री होता. त्याने एक गोष्ट योग्य रीतीने केली आणि तिच्यापायी त्याचे पद गेले.

वकिली सोडल्यावर मी मुलाकडे राहायला गेलो. तो जपानच्या कान्साई भागातल्या एका बंदराच्या शहरात, विद्यापीठात संशोधन करीत असे. आमच्या इमारतीसमोरच्या लाकडी घरात एक आजी एकटीच राहत. चुकीच्या वारी मी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवली, की त्या ती उचलून आमच्या दारात परत आणीत आणि मला उभे करून खडसावीत. मला जपानी येत नसे. आरोप मात्र सगळे समजत. गल्लीच्या सूचना लावलेली एक फळी तिथे घरोघर फिरते, तिला कायरानबान म्हणतात. आपण वाचायचे, शिक्का मारायचा आणि फळी शेजारच्या दारी पोचवायची. आमच्याकडे ती आजीच आणून देत, आणि मला वाचता येत नाही म्हणून हातवारे करून समजावीत: पाणी बंद, गटारसफाई, शाळेचा मेळा.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला तो मोठा भूकंप झाला. आमची इमारत तडे जाऊन उभी राहिली. आजींचे घर बसले. त्या वाचल्या. सरकारने तात्पुरती घरे बांधली आणि ती चुसेनने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून, वाटली. वृद्धांना अग्रक्रम दिला. कागदावर याहून न्याय्य काय दिसेल? प्रत्यक्षात एका गल्लीतली म्हातारी माणसे शहराच्या चार टोकांना फेकली गेली, आणि प्रत्येकाच्या भिंतीपलीकडे एक अनोळखी माणूस आला. आजींना समुद्रात भराव घातलेल्या जमिनीवर, शेवटच्या स्टेशनापासून बसने जावे लागे अशा ठिकाणी, खोली लागली. पुढच्या हिवाळ्यात त्या तिथे वारल्या. कायरानबान त्यांच्या दाराच्या मुठीला अडकवलेली होती आणि तशीच लटकत राहिली. शेजाऱ्याला वाटले, बाई सावकाश वाचत असतील.

मी संबंधित कार्यालयास पत्र लिहिले. सूनबाईंनी भाषांतर केले.

"बाबा, 'निर्लज्ज' असं इथे सरकारी पत्रात कुणी लिहीत नाही."

"म्हणून तर लिहायचं आहे."

"मी 'खेदजनक' लिहिते."

"खेद त्यांना नाही, मला आहे. नीट लिहा."

उत्तर अत्यंत सभ्य आले. सोडत साक्षीदारांसमक्ष झाली असून तिच्यात कोणतीही अनियमितता आढळली नाही. अनियमिततेचा आरोप मी केलाच नव्हता. माझा आरोप नियमितपणावर होता.

त्याच सुमारास आपत्ती झेललेल्या छोट्या देशांतले अधिकारी आणि पुढारी पुनर्वसन शिकायला त्या शहरात आले. सूनबाईंना इंग्रजी-जपानी दुभाषी म्हणून काही आठवड्यांचे काम मिळाले होते. एका संध्याकाळी त्या बेटाच्या मंत्र्याला घरी जेवायला घेऊन आल्या, कारण वसतिगृहातल्या थंड भाताच्या डब्यांना तो कंटाळला होता. उंच, पूर्वाश्रमीचा शाळामास्तर. आमच्या लिंबाच्या लोणच्याची फोड त्याने नुसतीच तोंडात टाकली आणि डोळे मिटून घेतले. त्याच्या बेटावरची किनाऱ्याची गावे चक्रीवादळाने धुऊन नेली होती. परदेशी मदतीतून आतल्या उंचवट्यावर नवी घरे बांधली जात होती, आणि ती कुणाला कोणत्या क्रमाने द्यायची हे त्याने ठरवायचे होते.

"पुढच्या वर्षी निवडणूक आहे, वकीलसाहेब," तो म्हणाला. "विरोधक डोळ्यांत तेल घालून बसलेत. पहिली किल्ली माझ्या चुलतभावाच्या हातात पडली तर मी संपलो."

"चुलतभाऊ किती आहेत?"

"बेटावर? सगळेच."

म्हणून जपानी सोडत त्याला बेहद्द आवडली होती. फिरते पिंप, क्रमांकांच्या गोळ्या, समोर बसलेले साक्षीदार, यांची चित्रे त्याने वहीत काढून घेतली होती.

"चिठ्ठीला नातेवाईक नसतात," तो म्हणाला.

"तिला शेजारीही नसतात."

"शेजारपणावर कुणी मत देत नाही. संशयावर देतात."

"म्हणजे घरे तुम्ही वाटणार नाही, पिंप वाटणार. आणि मंत्रिपद मात्र पिंपाला द्यायचं नाही."

तो मोठ्याने हसला. सूनबाईंनी माझ्याकडे असे पाहिले, की मी त्याला आणखी आमटी वाढली. पण सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर एक दार पाहायला येण्याचे वचन मी त्याच्याकडून घेतले.

आम्ही तिघे ट्रेनने आणि मग बसने भरावाच्या जमिनीवर गेलो. खडीवर बसक्या घरांच्या एकसारख्या रांगा होत्या. आजींच्या खोलीत अजून कुणी आले नव्हते. पलीकडच्या दारातून एक मध्यमवयीन गृहस्थ बाहेर आले आणि वाकून उभे राहिले. मंत्र्याने सूनबाईंमार्फत विचारले, की इथल्या बाई कशा होत्या.

गृहस्थांनी बंद दाराकडे पाहिले. मग म्हणाले, "नीट माहीत नाही. फार शांत होत्या."

"शांत," मी म्हणालो. "एका पिशवीपायी अख्खी गल्ली जागी करणारी बाई. यांना सांगा, ती शांत नव्हती. तिला ओरडायला ओळखीचं कुणी उरलं नव्हतं."

सूनबाईंनी हे भाषांतर केले नाही. गृहस्थांना पुन्हा वाकून त्या मला कोपराला धरून बसथांब्याकडे घेऊन गेल्या. त्या माणसाचा काही दोष नव्हता, हे मलाही कळत होते. म्हणून तर संताप जास्त होता.

बसमध्ये मंत्री खिडकीबाहेर पाहत बसला होता. स्टेशन आले तेव्हा म्हणाला, "माझ्या आईनं सकाळी खिडकी उघडली नाही तर शेजारीण सरळ घरात शिरते. परवानगीबिरवानगी काही नाही. आई रोज तिला शिव्या घालते."

"मग?"

"मग गावं अख्खी हलवायला हवीत. गल्लीला गल्ली, दाराशेजारी दार. आणि लोक म्हणतील, यानं आपलं गाव आधी हलवलं."

"आधी हलवाल?"

"नाही. शेवटी."

स्वतःच्या प्रकरणात कुणी स्वतः न्यायाधीश असू नये, हे तत्त्व मी हयातभर कोर्टासमोर मांडले होते. एक राजकारणी ते आपणहून स्वतःला लावून घेताना मी प्रथमच पाहिले. मी त्याचा हात हातात घेतला.

"बाबा," सूनबाई मराठीत म्हणाल्या, "हा माणूस निवडणूक हरणार."

"ही न्यायाची बाब आहे, सूनबाई."

"मतांची आहे," त्या म्हणाल्या, आणि तिकिटे काढायला गेल्या.

तो परत गेला आणि बोलला तसे वागला. आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. कोळ्यांचे गाव हलले. कुणाच्या डावीकडे कोण राहत होते, हे आधी प्रत्येक म्हातारीला विचारले गेले. मग पलीकडच्या किनाऱ्यावरची गावे हलली. भांडणारे शेजारी भांडतच नव्या जागी गेले. त्याचे स्वतःचे गाव, आईसकट, शाळेच्या पत्र्याखाली पडद्यांच्या आड राहत होते. आई त्याच्याशी बोलेनाशी झाली, असे त्याने लिहिले होते. एका ओळीत, तक्रार न करता.

आता विरोधी पक्षाचे वर्तन पाहा. मंत्र्याने आपले गाव आधी हलवले असते तर वशिलेबाजीचा आरोप करण्यास हे गृहस्थ सज्ज होते. त्याने ते शेवटी ठेवले, तेव्हा त्याच तोंडाने त्यांनी गावात सभा घेतली आणि विचारले, ज्याला आपली आई दिसत नाही त्याला तुम्ही काय दिसणार? दोन्ही बाजूंनी कापणारा आरोप कोर्टात पहिल्या सुनावणीस टिकत नाही. मतपेटीत टिकला. त्याच्याच गावाने त्याला पाडले. गावाला मी दोष देत नाही. दोन पावसाळे पत्र्याखाली काढलेल्या माणसांकडून तत्त्वनिष्ठेची अपेक्षा मी करणार नाही. ज्यांनी त्या पत्र्याचे भांडवल केले त्यांना मात्र मी क्षमा केलेली नाही.

आणि नव्या मंत्र्याचा पहिला निर्णय काय? उरलेल्या एकमेव गावासाठी सोडत. पक्षपाताचा काळ संपला, असे भाषण करून त्यांनी पिंप फिरवले. ज्या माणसाने सारे बेट शेजाऱ्यांसकट हलवले, त्याचेच गाव चिठ्ठ्यांनी उधळले गेले. त्याची आई उत्तर टोकाला आणि ती खिडकीवाली शेजारीण दक्षिणेला गेली. मी नव्या मंत्र्यांना पत्र लिहिले. उत्तर आले नाही. दुसरे लिहिले, त्यात त्यांच्याच जाहीरनाम्यातली 'गाव तोडणार नाही' ही प्रतिज्ञा उद्धृत केली. त्यालाही उत्तर नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही तिथले मतदार नाही आहात." मी म्हणालो, मी कुठलाच मतदार उरलेलो नाही, म्हणूनच मला वेळ आहे.

मग माजी मंत्र्याचे पत्र आले. तो पुन्हा शाळेत शिकवू लागला होता. रविवारी पहाटे एक जुनी व्हॅन घेऊन तो बेटाला फेरी मारी, गावच्या विखुरलेल्या माणसांना उचली आणि वाहून गेलेल्या चर्चच्या चौथऱ्यावर आणून सोडी. आई पुढच्या सीटवर बसे आणि त्याच्या गाडी चालवण्याला नावे ठेवी. म्हणजे बोलू लागली होती. या अपराधाबद्दल सरकारने त्याला नोटीस बजावली होती: विनापरवाना प्रवासी वाहतूक. गाडी जप्त होण्याची वेळ आली होती. "वकीलसाहेब," त्याने विचारले होते, "यावर काही म्हणता येतं का?"

सूनबाईंनी पत्र वाचले आणि न सांगता चहा ठेवला. मी टेबल साफ केले. भाडे घेतल्याशिवाय वाहतुकीचा धंदा होत नाही, हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा असा, की जी व्यक्ती शासनाने विभक्त करेपर्यंत प्रतिवादीच्या भिंतीलगत राहत होती, तिला कायद्याने प्रवासी म्हणता येत नाही. ती शेजारीण आहे.

"दुसरा मुद्दा कायद्यात बसतो का?" सूनबाईंनी कप ठेवीत विचारले.

"बसवतो," मी म्हणालो, आणि त्याच मुद्द्यापासून लिहायला सुरुवात केली.