ठिपक्यांची काच

वास्तुविशारद विनता डबीरने जबलपुरात बरीच घरं बांधली, दवाखानेही बांधले. पण लोक तिला ओळखायचे ते ग्वारीघाटाच्या रस्त्यावरच्या लग्नाच्या हॉलमुळे. हॉल तिच्या धाकट्या दिराचा, सौमित्रचा. समोर आंब्यांची बाग आणि त्या बाजूची अख्खी भिंत काचेची. काचेत झाडं अशी उमटायची, की बाग तशीच पुढे चालू आहे असं वाटावं.

पक्ष्यांनाही तसंच वाटलं. पहिल्याच उन्हाळ्यात झाडलोट करणाऱ्या बेबीताईंनी तिला बोलावून भिंतीचा पायथा दाखवला. बुलबुल, होले, आणि एक नवरंग. पावसाच्या तोंडावर दक्षिणेतून एवढ्या लांब आलेला तो पक्षी, चोचीतून रक्त येऊन पडला होता. रेखाटनात आपणच हौसेने काढलेली झाडांची प्रतिबिंबं विनताला आठवली.

मग तिने वाचलं, जाणकारांना विचारलं. काचेला बाहेरून दोन-दोन बोटांवर ठिपके असले, की पक्ष्याला पुढे वाट नाही हे कळतं. सौमित्रच्या मागे लागून तिने तशी फिल्म लावून घेतली. पुढच्या उन्हाळ्यात बेबीताईंना क्वचितच काही सापडलं.

त्यानंतरच्या वर्षी विनता आईच्या आजारपणासाठी नागपूरला राहिली. परत येऊन पाहते तर काच लखलखीत आणि खाली पुन्हा नवरंग.

ती तडक सौमित्रकडे गेली.

"काहून काढले रे ठिपके?"

"लोक फोटो काढून राहिले वहिनी, अन् मागे सगळे डाग दिसून राहिले. दोन पार्ट्या दुसरीकडे गेल्या." मग तो म्हणाला, "हॉल माणसांसाठी आहे ना?"

तो उर्मटपणे बोलला नव्हता. पक्ष्यांना काच कळावी म्हणून बाहेरून बारीक दोऱ्या सोडू, निदान हा हंगाम तरी, असं तिने सुचवलं. बघू, म्हणाला. पाहिलं नाही. घरी नवरा गौतम म्हणाला की भावाच्या धंद्यात मी काय बोलू. त्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. दिवाळीला सगळे एकत्र जेवले. हॉलचं नाव कुणी काढलं नाही.

हिवाळ्यात तिलवाऱ्याकडचे एक गृहस्थ तिच्याकडे आले. त्यांना अगदी तसाच हॉल हवा होता. ठिपक्यांशिवाय काच लावणार नाही, असं तिने सांगितलं. ते हसले, चहा प्यायले आणि काम दुसऱ्याला दिलं. असं आणखी दोनदा झालं. तिसऱ्या खेपेनंतर तिने ऑफिसची जागा सोडली. आता ती घरूनच जिने, गच्च्या, स्वयंपाकघरं अशी बारीक कामं करते.

तिलवाऱ्याचा हॉल यंदा उघडला. त्याची काच सौमित्रच्या हॉलपेक्षा उंच आहे आणि समोर थेट नर्मदा आहे. उद्घाटनाचं आमंत्रण आलं होतं. गौतम एकटाच जाऊन आला. कसा आहे, असं तिने विचारलं.

"छान आहे," तो म्हणाला, आणि कपडे बदलायला आत गेला.