डाव्या पायाचे मिस्त्री

सकाळी धुकं असं दाट की समोरच्या काचवाल्याची पाटीही दिसेना. मिस्त्रींनी शटर वर ढकललं, तर दवानं दोन्ही हात मनगटापर्यंत ओले. दिवा लावला, काल सांडलेल्या ऑइलवर भुसा टाकला आणि शेडमधल्या त्या बुटक्या, दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या कुणा मेकॅनिकच्या तोंडाला पाणी सुटलं असतं. मिस्त्रींनी नजर वळवली.

गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. महिन्यापूर्वी मिस्त्रींनीच नवी क्लच प्लेट बसवून दिली होती. तेव्हापासून बाईंची एकच तक्रार, क्लच फार वर पकडतो. पेडलवरून पाय जवळजवळ सगळा उचलावा तेव्हा कुठं गाडी हलते, आणि हलते ती सशानं उडी मारल्यासारखी. "सिग्नलला मागचे लोक हसतात हो मिस्त्री," असं सांगून बाई काल गाडी ठेवून गेल्या. आज बाराला न्यायला येणार होत्या.

काम तसं डाव्या हाताचा मळ. पेडलच्या मागे एक आट्यांचा दांडा असतो, त्यावर एक नट. नट सैल करायचा, दांडा फिरवायचा, नट आवळायचा. दांडा आखूड झाला की क्लच खाली पकडतो. पण जास्त आखूड झाला, तर पेडल पार जमिनीला टेकवलं तरी इंजिन चाकांना सोडत नाही. मग ती गाडी नाही, सुटलेला बैल.

मिस्त्रींना सगळे डावखुरे म्हणत. गडी जेवायचा उजव्या हातानं, पाना धरायचा उजव्या हातानं. नाव पडलं ते डाव्या पायावरून. फार वर्षांपूर्वी एक ट्रकवाला म्हणाला होता, "ह्याच्या डाव्या पायाला डोळे आहेत." तेव्हापासून लांबलांबून लोक क्लच दाखवायला यायचे. मिस्त्रींनी कधी पट्टी लावून माप घेतलं नाही. अर्धा फेरा, एक दाब. दांडा अर्धा फेरा फिरवायचा, सीटवर बसायचं, डोळे मिटायचे, पेडल दाबून हळूहळू सोडायचं. क्लच कुठं पकडतो ते तळव्याला कळायचं. दोन अर्ध्या फेऱ्यांच्या वर काम कधी गेलं नव्हतं.

पण गेले पाच महिने तो तळवा गप्प होता. आधी त्यांनी बुटाला दोष दिला, नवे बूट घेतले. मग एका संध्याकाळी मोजा काढताना टाचेत टोपीपर्यंत रुतलेली टाचणी सापडली. दिवसभर तिच्यावर चालले होते आणि पत्ता नव्हता. रक्ताचा मोजा त्यांनी कागदात गुंडाळून फेकला. कुणाला बोलले नाहीत. पाय गेला म्हणजे डावखुरे गेले. मागे उरणार तो पाना धरलेला एक म्हातारा.

आता ते डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवे झाले. अर्धा फेरा. वर बसले, डोळे मिटले, पेडल सोडलं. काहीच कळेना. पुन्हा अर्धा. जणू दुसऱ्याच कुणाचा पाय भाड्यानं आणला होता. आणखी अर्धा. मग आणखी एक. कपाळाला घाम, बाहेर धुकं.

शेडच्या तोंडाशी त्यांची थोरली बहीण सीट कव्हरं शिवायची. ती येऊन मशीनवर बसली. "काय रे, आज गाडीतच बिऱ्हाड केलंस? खाली, वर, खाली, वर. उठाबशा काढतोयस का?"

"झालंच ताई."

त्यांनी इंजिन चालू केलं, पेडल दाबलं, पहिला गिअर टाकला. कर्रर्र झालं. थंडीनं ऑइल घट्ट असेल, असं स्वतःलाच सांगून त्यांनी गिअर रेटला. ताई तेवढ्यात घरंगळलेला खडू उचलायला गाडीपुढं वाकली.

गाडी हलली.

मिस्त्रींना वाटलं, पाय सुटला. त्यांनी तो आणखी रेटला. तळव्याखाली पेडल आहे की हवा, तेच कळेना. खाली बघितलं, तर पेडल जमिनीला टेकलेलं, आणि गाडी तरी ताईकडं सरकतेय! उजवा पाय धाडकन ब्रेकवर पडला. इंजिन आचका देऊन बंद पडलं. ताईच्या गुडघ्यात आणि बंपरमध्ये वीतभर जागा होती.

"मेल्या!" ताई भिंतीला धरून उभी राहिली. "सख्ख्या बहिणीला चाकाखाली घालतोस होय? मग कव्हरं कोण शिवणार?"

मिस्त्री जमिनीला टेकलेल्या पेडलकडंच बघत होते. ताईनं दार उघडलं, तोंडाकडं बघितलं आणि तिची थट्टा विरली. "बूट काढ. तीन महिने बघतेय, पाय फरशीवर आपटून टाकतोस. मला वाटलं गुडघा धरलाय. डोळे मीट."

त्यांनी बूट-मोजा काढला, ताईनं सुई उचललेली पाहिली आणि डोळे मिटले. थोडा वेळ गेला.

"टोच की," ते म्हणाले.

"टोचली." ताईचा आवाज बारीक झाला होता. "तीनदा."

डोळे उघडले तर सुई तिच्या हातात आणि तळव्यावर रक्ताचे तीन थेंब. मिस्त्रींनी पाय मागे ओढला. "कुणाला सांगू नकोस," ते कसेबसे म्हणाले.

"आणि ती बाई उद्या शाळेसमोर थांबली असती आणि गाडी अशीच पोरांवर गेली असती, म्हणजे? तू सांगतोस की मी सांगू?"

डॉक्टरीणबाई बाराच्या आधीच आल्या. मिस्त्रींनी मान खाली घालूनच सांगितलं. "बाई, गेल्या महिन्यात तुमचा क्लच मी अंदाजानं लावला. माझ्या पायाला कळत नाही. आज तर फारच बिघडवला. ताई थोडक्यात वाचली."

बाईंनी स्वतःच्या बोटांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "माझी बोटं अशी झाली आणि मी तुमच्या तोंडात यंत्र घातलं, तर चालेल तुम्हाला?"

"नाही."

"मग? बसते मी सीटवर. तुम्ही खाली व्हा. पाय माझा, हात तुमचा."

मिस्त्रींनी आधी दांडा होता तिथवर परत आणला. ताईनं पेडलपाशी कापड मोजायची टेप धरली. अर्धा फेरा.

"आता?"

"अजून वरच आहे."

अर्धा फेरा. "आता?"

बाईंनी पेडल सावकाश सोडलं. "मधोमध. आता बरोबर."

गाडीपुढं कुणी नाही हे बघून बाईंनी इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला. आवाज नाही. पेडल दाबलेलं, गाडी जागच्या जागी. मिस्त्रींनी नट आवळला. नट सरळ बसला.

जाताना बाई म्हणाल्या, "आमच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर नसांचे डॉक्टर बसतात. चार वाजता या. साखर तपासतील, पाय बघतील."

"पाय परत येईल ना?"

"मिस्त्री, मला दातांचं कळतं," बाई म्हणाल्या. त्यांनी खोटा धीर दिला नाही. गाडी उडी न मारता कोपऱ्यावरून वळली.

मिस्त्री बूट हातात घेऊन तसेच बसून राहिले. धास्ती गेली नव्हती. उलट आता तिला चारची वेळ मिळाली होती.

"चारला मी शटर ओढते आणि तुझ्याबरोबर येते," ताई म्हणाली. "आधी कॉम्प्रेसरचं पाणी काढ. सकाळपासून काढलेलं नाहीस, हवेबरोबर पाणी आलं तर शेजारचा टायरवाला ओरडेल."

त्यांनी बूट घातला, आत बघून, हात फिरवून. मग कॉम्प्रेसरखाली बादली सरकवली आणि टाकीच्या बुडाची तोटी उघडली.