आत्याचा मांडव, सोसायटीची कोजागिरी

आत्याला मांडवात बसून जेवायचं होतं, एवढंच. अलिबागकडचं तिचं घर विकून झालं होतं, मुलानं इस्राएलला बोलावून घेतलं होतं, आणि सुक्कोथचा, म्हणजे आमचा मांडवाचा सण आटोपला की ती निघणार होती. फोनवर म्हणाली, "इथला शेवटचा मांडव आहे रे माझा, तो तुझ्याकडं येऊन घालते. चार माणसं बसव माझ्याबरोबर. एकटीनं मांडवात जेवायचं म्हणजे रुसून बसल्यासारखं दिसतं."

चार माणसं. नाशकात आम्ही दोघं नवराबायको सोडून दुसरं यहुदी घर मला माहीत नव्हतं. आणि जी माणसं शेजारी होती, त्यांना आम्ही यहुदी आहोत हे माहीत नव्हतं. मी लपवलं होतं असं म्हणायला आजही जीभ रेटत नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही. सोसायटीत राहायला आलो तेव्हा माझं नाव ऐकून सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे ख्रिश्चन ना तुम्ही?" मी हसलो. ते हसणं त्यांनी होकार म्हणून धरलं. पुढं दर डिसेंबरात त्यांच्याकडून केक यायला लागला. डबा रिकामा कसा परत द्यायचा, म्हणून बायको त्यात करंज्या भरून द्यायची. भीती होती का मला? कसली? कोणी कधी वाकडा शब्द बोललेलं नाही. सांगत बसायचा कंटाळा होता. की आणखी काही होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

गच्ची मागायला गेलो तेव्हाही "घरगुती जेवण आहे, छोटासा मांडव घालतो," एवढंच बोललो. सेक्रेटरी खूश. "अहो, त्याच संध्याकाळी आपली कोजागिरी! मांडव आयताच मिळाला की." मी मान हलवली.

आमच्या मांडवावर तोडलेला पाला घालतात, तोही विरळ, आतून आभाळ दिसलं पाहिजे असा. आत्याकडं माडाच्या झावळ्या असायच्या. इथं ऑफिसातला सटाण्याकडचा एक सहकारी म्हणाला, उसाचं वाढं आणतो. गुरांना घालतात ते हिरवे शेंडे. पिकअप भरून घेऊन आला, पार्किंगमध्ये सगळीकडं नजर फिरवली आणि म्हणाला, "भाऊ, पण गाय कोठे शे?"

"सजावट आहे," मी म्हणालो. त्यालाही खरं सांगितलं नाही.

मांडवात टांगायला फळं आणायला बाजारात गेलो, तेवढ्यात ढग आले. परत येऊन बघतो तर वाढ्यावर निळी ताडपत्री, चारही कोपरे सुतळीनं आवळलेले, आणि शेजारी सेक्रेटरी घामाघूम. "म्हटलं, पाऊस आला तर तुमची पंचाईत नको." आत्या मांडवात उभी राहून वर बघत होती. "आभाळ कुठं गेलं?" तिनं मला विचारलं.

आभाळ झाकलं की तो मांडवच राहत नाही, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. मी सेक्रेटरींना म्हणालो, "दुधात चंद्र दिसायला नको का?" "अरे हो की!" म्हणत त्यांनी स्वतः गाठी सोडल्या. मला हायसं वाटलं. दूध प्यायला जमतील ती माणसं आत्याला तिच्यासाठी आल्यासारखी वाटतील, त्यांना आत्या कोजागिरीला आल्यासारखी वाटेल, आणि मला कुणालाच काही सांगावं लागणार नाही.

दिवस मावळता मावळता मी मटणाचं पातेलं घेऊन गच्चीवर आलो. नारळाच्या दुधातलं, आत्याच्या हातचं. लोक ठरल्या वेळेआधीच जमले होते, कोपऱ्यात शेगडीवर मसाला दूध आटत होतं. सेक्रेटरींच्या बायकोनं झाकण उचललं. "अगं बाई, मटण? कोजागिरीला?"

"असू दे गं," सेक्रेटरी म्हणाले, "ते ख्रिश्चन आहेत ना."

"कोण ख्रिश्चन?" आत्यानं विचारलं.

ती माझ्याकडं वळली. "तू काय सांगितलंस रे ह्यांना?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "तेच तर. मी कधीच काही सांगितलं नाही." आणि मग, शेगडीच्या भसभस आवाजात, सगळं सांगितलं. आम्ही यहुदी, हा आमचा सण, हा मांडव त्याचाच, आभाळ त्याच्यासाठीच. बोलताना वाक्यं मागंपुढं झाली.

"मग इतकी वर्षं तो केक?" सेक्रेटरी म्हणाले. ते रागावले होते की हिरमुसले होते, मला ओळखता येईना.

"खाल्ला," मी म्हणालो. "चांगला असायचा."

कोणीतरी हसलं. आत्या हसली नाही. काळ्या मनुकांच्या शरबताचा पेला तिनं माझ्या हातात दिला. "म्हण. मोठ्यानं." मी पेल्यावर म्हणायचा हिब्रू आशीर्वाद म्हटला, दोनदा अडखळलो, दोनदा तिनंच पुढचा शब्द दिला. तिनं चपातीचा तुकडा मोडून खाल्ला, सगळ्यांना दिला. तिचा सण झाला होता. मग तिनं शेगडीकडं बोट केलं. "ते पातेलं दुधाचंच ना?"

"दुधाचंच, काकू. दुसरं काही शिजत नाही त्यात," सेक्रेटरींची बायको म्हणाली.

"मग आण मला पेलाभर. आणि हे मटण खाली ने रे. दूध आणि मटण एका पंगतीला नको."

"आत्या, तुझ्या हातचं आहे ते."

"मला माणसं हवी होती. तुला काय हवंय ते तू ठरव. दोन्हीकडं बसायची सवय आहे तुला."

पातेलं घेऊन मी घरी आलो, ओट्यावर ठेवलं. वर ती वाडवडिलांच्या तेलाच्या घाण्याबद्दल सांगत असावी, दर शनिवारी, आमच्या विसाव्याच्या दिवशी, तो बंद कसा असायचा ते. जिन्यातून हशा ऐकू येत होता. मी उभ्यानंच मटणाचा एक तुकडा तोंडात घातला. का, ते सांगता येत नाही. तिचा मान म्हणून, की वर जायला नको म्हणून. आता निदान आज तरी मला दूध चालणार नव्हतं.

तरी वर गेलो. सेक्रेटरींनी पेला पुढं केला.

"मी मटण खाल्लंय," मी म्हणालो. "त्यावर दूध चालत नाही आम्हाला."

"का हो?" त्यांनी विचारलं.

आत्यानं वर बघितलं नाही. चटईवर थोडी सरकली मात्र. माझ्यासाठी, की पाय अवघडला म्हणून, ते कळलं नाही. मी तिथं बसलो आणि सेक्रेटरींना सांगायला लागलो.